रद्दीत गुंडाळलेले पिस्टन

ती केस आठवली की आजही मला एकटीलाच हसू येतं आणि शेजारी अभ्यास करणारी नात विचारते, "आजी, काय झालं गं?" काय सांगणार? पोलीस खात्यात तीस वर्षं काढलेल्या बाईने एकदा दिवसाढवळ्या, दोन पंचांच्या समोर, केसमधला चांगला पुरावा स्वतः कचऱ्यात टाकायला लावला होता, हे नातीला सांगणं जड जातं. तिला मी अजूनही 'खोटं बोललीस की मला लगेच कळतं' अशी धमकी देत असते. तुम्हाला मात्र सांगून टाकते. नावं कुणाचीच लिहीत नाही. माझ्या मूर्खपणाला नावाची गरज नाही, बाकीच्यांची मी आधीच बरीच अडचण केली आहे.

मला इन्स्पेक्टरची बढती मिळून तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. नेमणूक नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात. गॉगल घरातून निघताना डोक्यावर चढायचा तो जेवायला बसेपर्यंत उतरायचा नाही. ठाण्यात पाऊल टाकलं की मी आवाज जाड करायची, कारण जाड आवाजाला लोक घाबरतात असा माझा समज होता. लोकांना बहुधा वाटत असावं की बाईंना कायमची सर्दी आहे.

मे महिना होता. पावसाळ्याआधी सगळ्या सोसायट्यांमधून झाडांच्या फांद्या छाटायची गडबड चालते. एके दिवशी सकाळी फोन आला, "आमच्या झाडाला माणूस लटकलाय." आम्ही पोचलो तर खरोखरच गुलमोहराला एक माणूस कमरेच्या दोरावर आडवा लोंबत होता. फाटलेली मोठी फांदी खाली सोसायटीच्या चेअरमनच्या नव्या गाडीवर पडली होती. आजूबाजूच्या गॅलऱ्यांमधून बायका सूचना देत होत्या. एक म्हणत होती पाय हलवू नको, दुसरी म्हणत होती पाय हलव. अग्निशमन दलाने त्याला खाली उतरवलं. खांदा सोडून सगळं शाबूत होतं.

हा माणूस साताऱ्याकडचा, झाडं छाटणाऱ्या टोळीचा मुकादम. खाली टेकल्या टेकल्या तो म्हणाला, "मॅडम, माझी काय बी चूक न्हाई. फांदी निम्मी कापली आन् मशीन गपकन बंद पडलं. ती आपल्याच वजनानं फाटली, जाताना माझा दोर घिऊन गेली."

मशीन म्हणजे चेनसॉ, पेट्रोलवर चालणारी हातातली करवत. तिच्या छोट्या इंजिनात ॲल्युमिनियमचा एक गट्टू वर-खाली धावत असतो, तो पिस्टन. तो अडकला की मशीन जागच्या जागी ठप्प.

"पिस्टन चार दिसांपूर्वीच नवा टाकलाय," मुकादम म्हणाला. "डुप्लिकेट माल हाय त्यो. वाशीतल्या चाचाच्या दुकानातला."

मी चेनसॉ बनवणाऱ्या कंपनीला कळवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचे एक साहेब हजर झाले. मे महिन्यात टाय लावलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यांनी सांगितलं की वर्षभरापासून सगळीकडून अशाच तक्रारी येत आहेत, इंजिनं जाम होत आहेत, बाजार बनावट मालाने भरला आहे. सगळीकडून आणि सगळ्या तक्रारी एकाच वर्षात का, हा प्रश्न कुणाही शहाण्या पोलिसाला पडला असता. माझ्या मनात तेव्हा उद्याच्या पेपरात फोटो कोणत्या बाजूने चांगला येईल याचा विचार चालला होता. साहेबांची फिर्याद घेतली, गुन्हा नोंदवला आणि साहेबांना नि दोन पंचांना घेऊन धाड टाकली.

चाचा रायगडच्या किनाऱ्यावरचे, श्रीवर्धनकडचे. वय साठीच्या आसपास, पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी गेलेली म्हणून तिथे दोरा. दुकान एवढंसं, पण प्रत्येक स्क्रू आपापल्या डबीत. एका फळीवर कंपनीच्या चकचकीत खोक्यांतले पिस्टन, खोक्यावर चमकणारा होलोग्राम. आतल्या बाजूला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत तसेच शंभरएक पिस्टन, पण तेलकट वर्तमानपत्रात गुंडाळलेले. ते बघताच मी मनातल्या मनात केस संपवली. चोरीचा, बनावट, हलका माल रद्दीतच असणार. आमची बुद्धी तेवढी धावली.

"हा खोक्यातला माल कुठला?" मी जाड आवाजात विचारलं.

"कंपनीचा."

"आणि हा रद्दीतला?"

"तोही कंपनीचाच, मॅडम."

"दोन्ही कंपनीचे?"

"एकाच आईची लेकरं. थोरलं चांगलं निघालं, धाकटं जरा…"

"थट्टा नको."

"थट्टा नाही हो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

साहेब म्हणाले, "मॅडम, फोटो उघड्या मालाचे काढू या." मी हुकूम सोडला, सगळे कागद काढा आणि ही घाण टाकून द्या. माझ्याबरोबरच्या हवालदार बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग कागदांकडे बघितलं आणि मुकाट्याने कामाला लागल्या. पंचनाम्यात मी झोकात लिहिलं, 'नकली पिस्टन, सुटे'. कागदांचा उल्लेखही नाही.

चाचांना ठाण्यात आणून बाकावर बसवलं. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले, मग तिसऱ्यांदा विचारले. तिन्ही वेळा उत्तर एकच, दोन्ही कंपनीचे. मी डायरीत नोंद केली, 'उडवाउडवीची उत्तरे देतो.' पुढे नोकरीत मला कळलं की खोटं बोलणारा माणूस दर वेळी नवा तपशील पुरवतो, ऐकणाऱ्याला कंटाळा येऊ देत नाही. खरं बोलणारा तेच ते बोलून वीट आणतो. पण त्या दिवशी समोर बसलेल्या बाईंना हे कुठे माहीत होतं?

साहेबांना घाई होती. "आजच अटक दाखवा, दुकान सील करा. मी उद्या पत्रकारांना बोलावतो."

हे ऐकून चाचा पहिल्यांदा अस्वस्थ झाले. "मॅडम, मला आत टाका हवं तर. पण दुकानाला सील लावण्याआधी एकदा नीट बघा. पस्तीस वर्षांत याआधी माझ्याकडचा माल वापरून कुणी झाडावरून पडलं नाही. सील लागलं की लोक म्हणतील, चाचा माणसं पाडायचा. मग मी सुटलो काय नि न सुटलो काय?"

तेवढ्यात हवालदार बाई मुद्देमाल घेऊन आल्या. या बाई सारसोळ्याच्या कोळी घरातल्या. आई मासळी विकायची, त्यामुळे हातात घेतलं की वजन सांगायची सवय घरातूनच आलेली. त्यांनी एका तळहातावर खोक्यातला पिस्टन घेतला, दुसऱ्यावर रद्दीतला.

"मॅडम, यो खोक्यातला हलका हाय."

"उलटं असेल, बाई. नकली हलका असतो."

"मना काय इचारता? हातानंच कलतं. पापलेट नि हलवा डोले मिटून सांगीन, यो तर लोखंड हाय."

"ॲल्युमिनियम," साहेब म्हणाले.

"तेच ते. हलका हाय." आणि बाईंनी तो साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो पटकन टेबलावर ठेवला. हातात जास्त वेळ धरला असता तर त्यांनाही कळलं असतं.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडायला लागला. मुकादमाच्या मशीनमध्ये यांतला नेमका कुठला पिस्टन होता? गुन्हा दाखल करून, धाड टाकून, माणूस बाकावर बसवूनही हे मी बघितलंच नव्हतं. मुकादमाला बोलावलं. तो खांद्याला पट्टा बांधून आला.

"पिस्टन कुठला घेतला होतास? खोक्यातला का कागदातला?"

तो जमिनीकडे बघायला लागला.

"बोल ना, बाबा."

"खोक्यातला," तो हळूच म्हणाला. "चाचा म्हनलं हुतं, तू झाडावर चढतोस, तू कागदातला घे. पर आमच्या कंत्राटदाराला ऑफिसात दाखवायला खोकं लागतं. होलोग्रामवालं. म्हनून म्या हट्ट केला."

चाचा बाकावरून म्हणाले, "अरे, मग तूच सांग ना मॅडमना. मी सांगितलं तर उडवाउडवी होते."

डायरीतली नोंद त्यांनी उलटी वाचली होती, हे मला तेव्हा कळलं. गॉगल काढून खिशात ठेवला. काय करणार?

मग मी चाचांसाठी चहा मागवला आणि चौथ्यांदा प्रश्न विचारला, पण या वेळी उत्तर ऐकायला. त्यांचं म्हणणं असं: बारा वर्षांपूर्वी कंपनीचा एक जुना विक्रेता धंदा बंद करून गावी गेला. त्याचा उरलेला सगळा माल चाचांनी उचलला. खोकी दमटपणाने गळून पडली होती, म्हणून प्रत्येक पिस्टन तेल लावून वर्तमानपत्रात बांधला. गेल्या वर्षापासून कंपनीचा नवा माल हाती लागला तो कच्चा वाटला. तेव्हापासून त्यांचा नियम ठरला. झाडावर चढून कापणाऱ्याला कागदातला, जमिनीवर उभं राहून लाकूड कापणाऱ्याला खोक्यातला.

"पुरावा काय?" साहेबांनी विचारलं.

"पेपरवर तारीख असते ना, साहेब. बांधले तेव्हाचेच पेपर आहेत, सगळे एकाच आठवड्यातले."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मग हवालदार बाईंना विचारलं, "बाई, ते कागद…"

"तुमी टाकायला सांगितलं हुतं."

"टाकलेत?"

"नाय. तेलाच्या कागदाला वालवी लागत नाय. मी मुद्देमालाच्या खोलीत फलीवर आंथरले. तुमच्याच पिस्टनच्या खाली हायेत."

त्या क्षणी मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. वरिष्ठ असल्यामुळे मी फक्त "हं" म्हटलं, तेही जाड आवाजात. कागद काढून बघितले. बारा वर्षांपूर्वीचा एकच आठवडा, मराठी आणि उर्दू दोन्ही पेपर. मी त्यांचा वेगळा पंचनामा केला, आणि पहिल्या पंचनाम्यात ते का नाहीत हेही त्यात लिहिलं. ते वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला.

साहेब तरी हटेनात. पेपर जुने असले तरी माल नवा असू शकतो, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, "मग चला तुमच्याच गोदामात. तिथलं सीलबंद खोकं उघडू. तुमचा पिस्टन चांगला निघाला तर संध्याकाळी दुकानाला सील लावते."

गोदाम जासईला, कंटेनर यार्डाच्या जवळ. पंच, साहेब, चाचा आणि मी असे सगळे एकाच जीपमध्ये. चाचा वाटेत ड्रायव्हरला सांगत होते की जीपचा बेल्ट सैल झालाय, आवाज ऐक. गोदामात जासईचेच एक जुने स्टोअरकीपर होते, नोकरीला वीसेक वर्षं झालेले. पंचांसमोर त्यांनी सीलबंद खोकं फोडलं, नवा पिस्टन शिकंज्यात धरला आणि हॅकसॉच्या करवतीने मधोमध कापला. मग चाचांच्या दुकानातला खोक्यातला कापला, शेवटी कागदातला.

नव्या दोन्हींच्या आत बारीक बारीक भोकं होती, इडली कापल्यावर दिसतात तशी. कागदातला आतून एकसंध, आरशासारखा. कापायलाही त्याला दुप्पट वेळ लागला.

स्टोअरकीपरने तो अर्धा तुकडा हातात फिरवला, आतली कंपनीची खूण बघितली आणि जरा भरून आल्यासारखं म्हणाले, "यो आपलाच हाय, साहेब. तवाचा. तवा असा माल यायचा."

साहेबांनी टाय सैल केला. ठाण्यात परत आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता, वरून आलेलं बोलत होता. पिस्टनचं ओतकाम दुसरीकडे स्वस्तात करून घ्यायला सुरुवात झाली होती आणि माल तपासणारी माणसं कमी केली होती. तक्रारी आल्या तेव्हा वरच्यांना वाटलं, आपला माल असा असूच शकत नाही, म्हणजे नकलीच असणार. त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की त्यांनी टाय घातला होता आणि मी गॉगल. खोकं उघडून बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

चाचांना संध्याकाळच्या आत घरी सोडलं. सील लागलं नाही, अटकही झाली नाही. बनावट मालाची फिर्याद, आणि आख्ख्या केसमध्ये बनावट असं काहीच नाही. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी न्यायालयात केस बंद करायची सी समरी पाठवली. कंपनीने तो सगळा लॉट बाजारातून परत उचलला आणि मुकादमाला नवीन मशीन दिलं. पुढे ओतकामही बदललं, असं स्टोअरकीपरकडून कळलं. चेअरमनच्या गाडीचं काय झालं ते मला माहीत नाही. ते मात्र पुढे बरेच दिवस ठाण्यात येऊन विचारत होते.

या केसने मला शिकवलं ते मी नंतर प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आले. वेष्टन बघून मत बनवू नका, मग ते मालाचं असो की माणसाचं. हातात घ्या, वजन बघा, गरज पडली तर कापून बघा, आणि जो माणूस तीनदा एकच उत्तर देतो त्याला चौथ्यांदा विचाराल ते उत्तर ऐकायला विचारा. आणि कागद फेकू नका. हे शेवटचं मी जरा जास्त जोर देऊन सांगायची, आणि का ते कुणी विचारलंच तर विषय बदलायची.

न्यायालयाच्या आदेशाने माल परत करायला मी स्वतः दुकानात गेले. दुकानासमोर ही गर्दी. छाटणीवाल्यांच्या दोन-तीन टोळ्या, एक बागायतदार, सगळे कागदातला पिस्टन मागत होते. चाचा प्रत्येकाला आधी विचारत होते, "झाडावर चढतोस का?" गर्दी जरा कमी झाल्यावर मी पुढे झाले. गॉगल नव्हता आणि आवाजही माझाच, होता तसा. म्हटलं, "चाचा, चुकलं माझं. तुमच्या नावाला उगाच बट्टा लागला असता."

त्यांनी दोरा बांधलेला चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "माफी राहू द्या, मॅडम. तुमची जीप दोन तास दारात उभी होती, तेव्हापासून आख्ख्या नव्या मुंबईला माझं दुकान माहीत झालंय. फक्त पुढच्या वेळी धाड टाकायची असेल तर आदल्या दिवशी फोन करा, बोर्डाला रंग मारून ठेवतो."