हुतूतूच्या जोरावर मिळालेली जागा

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. पंचेचाळीस वर्षं एका छपराखाली काढली तिच्याबरोबर, तरी नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढं जीभ जड होते की.

आधी एक सांगून ठेवतो—मी सुखी माणूस आहे. जुळे सोलापुरात पोराचा फ्लॅट आहे, तीन जिने रोज चढतो, कुणाचा हात धरत नाही. रडगाणं गायला बसलेलो नाही. आणि मी कॉलेजात गेलेला माणूस आहे, हेही ऐकून ठेवा. शिकलो किती? ते विचारू नका. मॅट्रिकच तिसऱ्या खेपेला सुटलो. मला कॉलेजात घेतलं ते हुतूतूसाठी. आता सगळे कबड्डी म्हणतात.

आमचं कॉलेज लहान. मोठ्या कॉलेजांची नावं पेपरात यायची, आमचं कोण छापणार? प्रिन्सिपॉलना कपाटात ठेवायला एक तरी ढाल हवी होती. म्हणून खेळाच्या सरांनी त्यांच्याकडून एक जागा मागून घेतली—फी माफ, होस्टेलची खोली, मेसमध्ये दोन वेळचं जेवण. एकच जागा. बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. दोन वेळचं जेवण म्हणजे काय, हे आता कुणाला कसं सांगू?

चाचणीला गावोगावचे गडी आले. तीन दिवसांत गळत गळत दोघं उरलो. मी मोडनिंबकडचा, आणि बिरू सांगोल्याकडचा, मेंढपाळाच्या घरचा. दुष्काळात त्यांचा निम्मा कळप गेला होता. बिरू मॅट्रिक पहिल्या खेपेला पास. त्याला मास्तर व्हायचं होतं. मला? मला जेवायचं होतं.

पहिल्याच दिवशी गट्टी जमली, म्हणून ते तीन दिवस आम्ही दोघं सोलापुरातच भवानी पेठेत माझ्या मामाच्या खोलीवर राहिलो. एका ताटात जेवलो.

"म्हाद्या, तुला घेतलं तर तुज्या मेसात येऊन जेवनार बग मी," तो म्हणायचा.

"आन् तुला घेतलं तर?"

"तर तू माजी मेंढरं राख की लेका!"

लई हसायचो आम्ही.

चौथ्या दिवशी सर म्हणाले, आता एकास एक. जो बाद होईल त्यानं घरी जायचं. पंच म्हणून सर एकटेच. आमच्याकडं तेव्हा एक रीत होती—हात लागला तर गडी आपणच हात वर करायचा आणि बाहेर जायचा. पंचाच्या शिट्टीसाठी थांबायचा नाही. लागलेला हात लपवणाऱ्याला कुठलाच संघ परत उभा करत नसे. सर त्याच रीतीत वाढलेले.

बिरू चढाईला आला. मी सरकत सरकत मागच्या रेषेला टेकलो. तो एकदम खाली वाकला, हात फिरवला, धुरळा उडाला—आणि दम न तोडता तो मध्यरेषेपार गेला. सरांना काही दिसलं नाही. त्यांनी बिरूला विचारलं नाही. मला विचारलं.

"म्हादू, लागला का रे?"

लागला होता. डाव्या घोट्याला, चार बोटं. आजही जागा दाखवीन.

मी म्हणालो, "न्हाय, सर."

घाबरून तोंडातून निघालं असं म्हणू का? नाही. विचार करून म्हणालो. सरांनी बिरूकडं बघितलं. तो आपल्या बोटांकडं बघत होता. मग म्हणाला, "म्हादू न्हाय म्हनतोय म्हंजे न्हाय, सर. मलाच भास झाला आसंल."

पुढची चढाई माझी. मी परत आलो तेव्हा मला वाटलं, रिकामाच आलो. मागं वळून बघतो तर बिरू हात वर करून उभा. त्याच्या कोपराला माझं नख लागलं होतं म्हणे. मला कळलंसुद्धा नव्हतं.

जागा मला मिळाली. दोन वर्षं जेवलो. दोन्ही वर्षं नापास झालो. दुसऱ्या वर्षी ढाल आली, ती बघून एका मिलनं मला संघात आणि कामावर घेतलं. त्या नोकरीवर लग्न, त्या नोकरीवर पोरांची शिक्षणं. पाप केलं की अन्न कडू लागतं, असं कीर्तनात ऐकलंय. मला नाही लागलं. मेसची ती पातळ आमटीसुद्धा गोड लागायची. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं एकदाच पुरे.

बिरू मास्तर झाला नाही. मेंढरांमागं गेला. दरसाल दिवाळीनंतर माझ्याकडं येतो, दोन दिवस राहतो. माझ्या पोरीच्या लग्नात मांडवात सगळ्यांना सांगत होता, "माज्या बोटानला लागल्यावानी झालं व्हतं बरं का! पन ह्यो न्हाय म्हनला. म्हादू खोटं बोलतोय व्हय?" माणसं माझ्याकडं कौतुकानं बघायला लागली. मी 'नाही' अशी मान हलवली. तेव्हा बोलता आलं असतं. त्या दिवशी तर दुसऱ्यांदा नाही म्हणालो.

तोंडावर सांगायची हिंमत मला अजून नाही. पण बिरू वाचतो. चष्मा लावून, सावकाश, अक्षरन् अक्षर वाचतो. हे छापलं गेलं की एक प्रत मी त्याच्या पत्त्यावर पाठवणार आहे, सोबत चिठ्ठी न लावता.

यंदा दिवाळीनंतर तो आला तर येईल. नाही आला तर त्याचं बरोबर आहे.