तेराचं अठरा

गाडी दारात आली त्या दिवशी मला वाटलं, सुटले एकदाची. माझं माहेर आणे गावाला, पठारावर, आणि सासर खाली निमगाव सावाला. एसटीनं जायचं म्हणजे बेल्ह्याला उतरायचं, दुसऱ्या गाडीची वाट बघत ऊन खायचं आणि मग घाट चढायचा. तरी महिन्यातून एक चक्कर मी मारायचेच. वडील एकटे पडले होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. भाऊ-भावजय होती जवळ, पण दादांना बोलायला मी लागायचे.

त्या वर्षी कांद्यानं साथ दिली आणि आमच्या मालकांनी डिझेलवरची छोटी गाडी घेतली. जीपसारखी उंच, पण आखूड. शोरूमवाला म्हणाला, "लिटरला अठरा देईल." झालं! हे तसेच पारावर गेले आणि गावाला अठरा सांगून आले. आमच्याकडं नवी गाडी बघायला आलेला माणूस रंग विचारत नाही, किंमतही नंतर विचारतो. आधी विचारतो, "किती देती?"

पहिल्यांदा माप घेतलं ते आळेफाट्याच्या पंपावर. टाकी तोंडापर्यंत भरायची, संपत आली की परत तोंडापर्यंत भरायची, आणि मधले किलोमीटर लिटरनं भागायचे. टाकीत हवा राहते म्हणून भरताना गाडी हलवायची. एका अंगानं हे, दुसऱ्या अंगानं पदर खोचून मी. पंपावरची माणसं तोंड फिरवून हसायची. एवढं करून आकडा आला तेरा.

तेरा हा आकडा आमच्या घराबाहेर गेला नाही. पारावर अठराच राहिला. ह्यांनी आधी पंपवाल्याला शिव्या घातल्या, मग टायरवाल्याला, मग माझ्या पिशव्यांना. "एवढं वझं कशाला घेतीस?" स्टेपनीसुद्धा काढून पडवीत ठेवली. एसी तर कधी लागलाच नाही. आणि काचा बंद. काच उघडली की गाडी वारं धरते म्हणे. वैशाखात मंचरला लग्नाला गेलो, तर मी आत भरताच्या वांग्यासारखी भाजत होते. उतार लागला की हे चावी फिरवून इंजिनच बंद करायचे. स्टिअरिंग जड व्हायचं, ब्रेक दगडासारखा, आणि समोरून उसाचा ट्रक. मी दाराची कडी धरून म्हणायचे, "अहो, चालू करा."

"गप बस. फुकाट चाललीया," हे म्हणायचे.

पण याचंही मला काही नव्हतं. घाम काय, पुसता येतो. माझं दुखणं होतं आण्याचा घाट. घाटात गाडी डिझेल पिते, माप बिघडतं. त्यामुळे टाकीचं माप चालू असलं की आण्याला जायचं नाही, आणि माप तर कायमच चालू. "ही टाकी होऊ दे, मग जाऊ." ती टाकी झाली की आकडा मनासारखा यायचा नाही, की लगेच दुसरी. मी म्हटलं, बरं, मी आपली एसटीनं जाते. तर सासूबाई कडाडल्या, "दारात गाडी उभी आन् सून एसटीला लोंबकळती? लोकं शेण घालतील तोंडात."

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, त्यातली गत. गाडी नव्हती तेव्हा मी मोकळी होते. गाडी आली आणि मी अडकले. आंब्याचे दिवस गेले, पंचमी गेली, दिवाळीची भाऊबीजसुद्धा भाऊच इकडं येऊन करून गेला. दादा उन्हाळ्यापासून दिसले नव्हते.

थंडीत भावाचा फोन आला. दादांनी अंथरूण धरलं होतं. "काय खात न्हाईत गं. माणसं वळखत्यात अजून, पण किती दिवस वळखतील काय सांगावं. सारखं दाराकडं बघत्यात."

मी ह्यांना सांगितलं. हे जेवत होते. म्हणाले, "जाऊ की. कोण न्हाई म्हणतंय? या टाकीला पंधराच्या वर चाललंय बघ. दोन दिवस थांब, टाकी होऊ दे."

मी उठून ओट्यावर जाऊन बसले. समोर ती गाडी धुऊनपुसून उभी. तिच्यावर धोंडा घालावासा वाटला मला, खरं सांगते.

सकाळी ह्यांना पाण्याच्या पाळीवर जाऊ दिलं, पिशवी घेतली आणि भर गावातून स्टँडवर आले. एक जाऊबाई भेटल्याच. "काय गं, गाडी बिघडली का?"

"गाडी चांगली हाय," मी म्हटलं, "मीच बिघडलीया."

बेल्ह्याला दुसरी एसटी लवकर मिळाली. घाट सुरू झाला आणि मागं हॉर्न वाजायला लागला. वळून बघितलं तर आमची गाडी. एसटीच्या मागं, खालच्या गिअरमध्ये, धूर सोडत, रडतखडत चढत होती. कंडक्टर म्हणाला, "ताई, तुमच्यासाठी वाजवतायत का ते?"

"वाजवू द्या," मी म्हटलं.

आण्याला उतरले ती तडक घरी. दादा बाजेवर होते, एवढेसे झालेले. मला बघितलं आणि ओळखलं. मी त्यांचा हात धरून बसले.

"कशानं आलीस?" त्यांनी विचारलं.

"एसटीनं."

"गाडी इकली?"

"न्हाई, दादा."

दादा म्हणाले, "एसटी व्हती तवा महिन्याला यायचीस. गाडी आली, मी आळीत सांगितलं, आता लेक आठवड्याला यील. तू आलीच न्हाईस. मला वाटलं, मोठी झाली, इसरली."

मला रडू आवरेना. काय सांगणार होते मी त्यांना? टाकी?

दाराशी चावी वाजली. हे उभे होते. किती ऐकलं होतं कोण जाणे, पण आत पाऊल पडत नव्हतं. दादांनीच मान वळवली. जावई दारात आला म्हटल्यावर चार शब्द बोलायला नकोत का.

"या पावणं. गाडी किती देती?"

ह्यांनी चावी खिशात टाकली. मला वाटलं, आता अठरा म्हणतील.

"तेरा, दादा," हे म्हणाले.

"तेरा लई झालं की," दादा म्हणाले. "निमगावास्नं आण्याला यायला लई झालं."