कुजलेल्या ट्रेचा आलेख

प्रयोगशाळेत त्यांना सगळे कोंबवाल्या बाई म्हणत. एकोणीस वर्षं बाईंचं काम एकच. सोयाबीन अंधाऱ्या खोलीत ओल्या कागदावर रुजवायचं, पाचव्या दिवशी फिकट पिवळे कोंब कापायचे, बर्फावरच्या खलात वाटायचे आणि त्या वाटणातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, मोजायचं. हे विकर एनएडीएच नावाच्या सहविकराचं ऑक्सिडेशन करतं. सहविकर संपेल तसा यंत्रावरचा आकडा घसरतो. आकडा जितका झरझर घसरेल तितकं विकर जोरात.

वाढीचं संप्रेरक घातलं की हे विकर दुप्पट वेगाने काम करतं, असा प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा, म्हणजे सरांचा, दावा होता. बाईंच्या यंत्रावर तो फरक कधी दिसायचा, कधी नाही.

उन्हाळ्यात अंधाऱ्या खोलीचा एसी बिघडला आणि एका ट्रेमधले कोंब नासले. बुळबुळीत झालेल्या देठांना बोट लावलं तर तार निघत होती. बाई ट्रे कचऱ्यात उपडा करणार, तोच सर नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले.

"टाकू नका. वाटा."

"सर, कुजलेत हो."

"वाटा म्हटलं ना. संप्रेरक यांच्यात घाला. चांगल्या ट्रेला नुसतं पाणी."

बाईंनी श्वास रोखून ते कोंब वाटले आणि मग त्या बेसिनवर जाऊन ओकल्या. आकडा दगडासारखा कोसळला. सर खूश! कुजक्यातले जंतूही तेच सहविकर फस्त करतात, हे बाईंना ठाऊक होतं. सरांना तर त्याहून पक्कं ठाऊक होतं. पुढच्या वेळी एसी नीट चालू होता, तरी सरांनी स्वतःच्या हाताने एक ट्रे दोन दिवस झाकून ठेवला. मुद्दाम नासवायला. ते पाहून बाईंच्या अंगावर शिसारी आली.

शोधनिबंध छापून आला. शेवटी आभारात बाईंचं नाव होतं. घरी त्यांनी ते पान नवऱ्यापुढे टाकलं आणि कुजक्या ट्रेचं सगळं सांगितलं. तो बस दुरुस्त करणारा माणूस, काळे हात पुसत म्हणाला, "आता मूग गिळून बसणार का?"

"सोयाबीन आहे ते," बाई म्हणाल्या. "आणि गिळवत नाही."

हसत हसत त्या मोरीकडे गेल्या. हाताला तो वास अजून येतोय असं वाटून त्यांनी तीनदा साबण लावला.

पुढच्या तीन आठवड्यांत बाईंनी दोन्ही ट्रे स्वच्छ ठेवून प्रयोग तीनदा केला. फरक नावालाही नाही. आकडे घेऊन त्या सरांकडे गेल्या.

सरांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "बाई, तुमचं काम वाटायचं. डोकं चालवायला आम्ही आहोत."

"मग माझं नाव काढा त्यातून."

"अहो, लोक नाव यावं म्हणून धडपडतात!"

"मला किळस येते, सर."

त्याच दुपारी त्यांनी नियतकालिकाच्या संपादकांना पत्र धाडलं. कुठला ट्रे कसा होता आणि कुणाच्या सांगण्यावरून वाटला, तारखांसकट लिहिलं. चौकशी बसली, प्रयोगवह्या मागवल्या गेल्या. बाईंनी कोंब नीट धुतलेच नव्हते, असं सर समितीपुढे बेधडक म्हणाले. बाईंनी स्वच्छ ट्रेचे आकडे पुढे केले. समितीतल्या एका वयस्कर बाईंनी तो प्रयोग आपल्यासमोर पुन्हा करायला लावला. फरक आला नाही. निबंध मागे घेतला गेला.

सरांना काढलं मात्र नाही. दुसऱ्या विभागाचं प्रमुखपद दिलं. बाईंची बदली काचसामान धुण्याच्या खोलीत झाली. तिथे शेजारच्या प्रयोगशाळेतला एक सहायक त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "कमाल केलीत हं! आम्हाला तर पहिल्यापासूनच शंका होती."

बाईंनी हात सोडवून घेतला, नळ मोठा केला आणि त्याच्याकडे पाठ करून त्या चंबू घासायला लागल्या.