पाच वॅटची हाक

आमच्या देवघरातला झिरोचा बल्ब अजून जुनाच आहे, पंधरा वॅटचा. माझा वायरलेस सेट पाच वॅटचा. म्हणजे देवापुढं जेवढा उजेड पडतो, त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या जोरावर मी केरळातल्या एका माणसाशी बोलले. हे लिहितानाही मला हसू आवरत नाही. मी चुलीपाशी एकटीच हसते म्हणून आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दोनदा येऊन बघून गेल्या.

सेट जेवणाच्या डब्याएवढा आहे. त्याला एक बॅटरी लागते आणि झाडावर टाकायला एक लांब तार. तोंडानं बोलायची सोय त्यात आहे, पण मी ती वापरत नाही. मी चावीनं बोलते. चावी बोटानं दाबायची, बारीक शिट्टी वाजते. थोडी दाबली की दी, जास्त दाबली की दा. दी आणि दा जोडून इंग्रजी अक्षरं होतात आणि अक्षरांचे शब्द. ज्याच्याकडं असा सेट आहे आणि सरकारी परवाना आहे, तो कुठूनही उत्तर देऊ शकतो. त्यातून मिळत काही नाही. लोक हौस म्हणून करतात, मीही हौस म्हणूनच करते.

मला लोक लाजाळू म्हणतात, ते कमीच आहे. एकदा एसटी आमच्या फाट्यावर थांबली नाही, तर मी "थांबवा" म्हणण्याऐवजी पुढच्या गावाला उतरून उन्हातून मागं चालत आले. दुकानदारानं हळदीऐवजी तिखट दिलं तर मी तिखट घेऊन घरी येते. चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि तिथं नव्या गुरुजींना उभं राहून नाव सांगावं लागलं असतं. शाळा सुटली तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, हे आता कबूल करते.

सेट माझ्याकडं आला तो कळंबच्या काकांमुळं. काका सरकारी वायरलेसच्या नोकरीतून निवृत्त झालेले, घरात एकटे. मी सकाळी त्यांच्याकडं स्वयंपाकाला जाते. त्यांच्या पुढच्या खोलीत दिवसभर दी-दा, दी-दा चालू असायचं आणि स्वयंपाकघरात ते ऐकत माझ्या भाकरी व्हायच्या. एक दिवस काका पेपर हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"आता काय वाजवलंस गं?"

"भाकरी," मी म्हणाले.

"परत थाप."

मी खाली मान घालून परत थापली. लांब, आखूड, लांब, आखूड. मग लांब, लांब, आखूड, लांब. काका दाराला टेकून हसायला लागले.

"कुणी हाय का, कुणी हाय का, असं बोलवायलीस तू. परातीतनं. कुणाला बोलवायलीस?"

ती दोन अक्षरं वायरलेसवाले सगळ्यात आधी पाठवतात. त्याचा अर्थ, मी इथं आहे, ज्याला ऐकू येतंय त्यानं बोलावं. मी ते दीड वर्ष ऐकत होते, हाताला लागलं होतं. त्यानंतर काकांनी मला शिकवायचंच धरलं. मी भाजी चिरत असताना ते पुस्तकातला एकेक नियम वाचायचे आणि मी जात्यावरच्या ओव्यांसारखे ते पाठ करायची. इंग्रजी अक्षरं मला आधी कानानं आली, डोळ्यांनी नंतर. अजूनही एखाद्या पाटीवर मोठा क्यू दिसला की माझ्या मनात दा-दा-दी-दा वाजतं.

परवान्याच्या परीक्षेत पहिल्यांदा लेखी राहिली. दुसऱ्या वेळी पास झाले. ऐकून लिहायच्या भागात दोन्ही वेळा एकही चूक नव्हती. परवान्यासोबत अक्षर-आकड्यांचं एक चिन्ह मिळतं, हवेत तेच आपलं नाव. ते मी या वहीत लिहीत नाही. माहेरी माझ्या नावापुढं वडिलांचं नाव होतं, सासरी मालकांचं आलं. या चिन्हापुढं कुणाचंच नाही. परवाना आला त्या दिवशी मी ते परातीत, पाट्यावर, म्हशीच्या पाठीवर, सगळीकडं वाजवत फिरले.

काकांनी त्यांचा हा छोटा सेट मला वापरायला दिला. आणि मग आठ महिने मी फक्त ऐकलं.

ऐकण्याचाही एक नाद असतो. गावात लाईट असली की मोटारी, बल्ब, मोबाईलचे चार्जर सगळ्यांची घरघर सेटमध्ये उतरते, काही ऐकू येत नाही. लाईट गेली की सगळं गाव शिव्या देतं आणि इकडं हवा अशी स्वच्छ होते की मुंगीचंही दी-दा ऐकू यावं. मी हातातलं टाकून सेटकडं पळायची. आत्या शेजारणीला सांगायच्या, "लाईट गेली की आमच्या सुनंचं तोंड उजळतंय."

पण चावीला हात लावला की बोट गोठायचं. तिथं तर कुणी तोंडही बघत नाही, आवाजही ऐकत नाही, नुसती शिट्टी. तरी व्हायचं नाही. समजा कुणी उत्तर दिलं तर?

काका रोज विचारायचे, "काल कितीजणांसंगं बोललीस?"

"ऐकलं, काका."

"ऐकल्यालं सोड. बोललीस किती?"

मी भांडी घासायला घ्यायची. शेवटी एक दिवस ते म्हणाले, "हे बघ, सेट म्हंजे लोणच्याची बरणी न्हाय, फडकं बांधून ठिवायला. भूमला एक मास्तरीणबाई परवाना काढून बसल्यात, त्यांच्याकडं सेट न्हाय. येळवशीपतूर तू एका तरी अनोळखी माणसासंगं बोल. न्हाय जमलं तर सेट भूमला जाणार. आन् मी उत्तर दिल्यालं धरायचं न्हाय."

येळवशीला वीस दिवस होते. त्या वीस दिवसांत मी चावी पुसली, तार गुंडाळली, तार उलगडली, बॅटरी भरली, परत भरली. दाबली मात्र नाही. त्या मास्तरीणबाईंना मी कधी बघितलेलं नाही, पण मला त्यांची साडीसुद्धा दिसायला लागली होती.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुणी राहत नाही. डोक्यावर भज्जीचं, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांच्या मिश्र भाजीचं पातेलं, आंबिलीचं मडकं घेऊन सगळे शेतात. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवण. एकट्यानं जेवायचं नसतं. पाहुणे तर बोलवायचेच, पण वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवायचं. ओळख लागत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून एकदाही ती हाक मारली नव्हती. माझ्या वाटची आत्या मारायच्या.

यंदा मी सेट भाकरींच्या टोपलीत, भाकरींच्या खाली ठेवला. शेतात पोचल्यावर थोरल्या जाऊबाईंना तो दिसला.

"काय बाई, ह्येला बी निवद दावायचाय का?" मग म्हणाल्या, "फोन हाय की गं. माणूस दिसतंय बी त्यात."

"दिसतंय म्हणूनच," मी म्हणाले.

बांधावर मोठी चिंच आहे. तार तिच्या शेंड्यावरून जायला हवी. मालक, म्हणजे माझे यजमान, दगडाला दोरा बांधून फेकायला लागले. पहिला दगड खालच्या फांदीत अडकला. दुसरा त्यांच्याच पायाजवळ पडला. तिसरा बैलाच्या गव्हाणीत गेला. पाहुणे गोळा झाले आणि जो तो सांगायला लागला कसं फेकायचं. मला कोपीत जाऊन बसावंसं वाटलं. पण कोपीच्या मेढीला पाखरं हाकायची गोफण लटकत होती, आणि गोफणीपुढं मला लाज राहत नाही. लहानपणी सगळी सुगी मी शेतातल्या माळ्यावर उभं राहून पाखरं राखलेली आहेत.

मी दगडाला दोरा बांधला, बाकीचा दोरा जमिनीवर मोकळा पसरला. अशा वेळी गोफण गरगर फिरवायची नसते, दोरा गुंडाळतो. मागून वर, एकच हिसका. दगड चिंचेच्या शेंड्यावरून गेला, दोरा त्याच्यामागं सळसळत गेला आणि पलीकडं ज्वारीत उतरला. मग मालक म्हणाले, "हिला राग आला की आधी गोफण लपवावी लागंल."

दोऱ्याला बांधून तार ओढून घेतली. चिंचेखाली घोंगडीवर सेट मांडला. कानाला लावायचं कानात. शेतातली लाईट त्या दिवशी दुपारनंतरची होती, त्यामुळं हवा स्वच्छ. बोट चावीवर ठेवलं आणि बोट गोठलं.

तेवढ्यात बांधावरून आत्यांचा आवाज आला. रस्त्यानं एक फटफटीवाला चालला होता, कुठला कोण जाणे.

"ओ पाव्हणं, आंबील पिऊन जावा."

तो गेला पुढं. आत्यांनी परत हाक मारली. तो अजून पुढं गेला. तिसऱ्या हाकेला त्यानं मागं बघितलं, गाडी वळवली आणि चपला काढून येऊन बसला. आत्यांनी नावही विचारलं नाही, वाटी हातात दिली.

मी बघत होते. आणि बघता बघता माझ्या बोटानं चावी दाबलेली होती. दा-दी-दा-दी, दा-दा-दी-दा. कुणी आहे का. पुढं माझं चिन्ह. शिट्टी माझ्या कानात वाजत होती.

उत्तर नाही. परत पाठवलं. उत्तर नाही.

आत्या येऊन शेजारी टेकल्या. "कुनी बोलना का?"

"न्हाय."

"आजून एकदा मार. त्यो फटफटीवाला तिसऱ्यालाच वळला."

तिसऱ्यांदा मारली. आणि लांब, फार लांब, विहिरीच्या तळातून यावं तसं, माझं चिन्ह परत आलं. मी पाठवलेलं नव्हे. दुसऱ्या कुणीतरी पाठवलेलं.

मी आत्यांचा हात धरला. इतका घट्ट की त्या म्हणाल्या, "अगं बांगडी फुटंल."

तो केरळातला होता, समुद्रकाठचा. माझी शिट्टी फार बारीक येतेय पण कळतेय म्हणाला. मी गाव सांगितलं. सेट पाच वॅटचा आहे सांगितलं. त्यानं पाच वॅट, असं दोनदा विचारलं आणि मग वाहवा केली. प्रत्येक ओळीत तो मला ओएम म्हणत होता. वायरलेसवाले एकमेकांना तसं म्हणतात, म्हणजे म्हातारबुवा. त्याला मी पुरुष वाटले.

चालवून घेता आलं असतं. मला सवय आहे. पण माझं बोट आता माझं ऐकत नव्हतं. त्यानं परत ओएम म्हटल्यावर मी पाठवलं, ओएम नाही, वायएल. वायएल म्हणजे बाई.

तिकडून आलं, माफ करा, माफ करा, माफ करा, आणि खूप आनंद झाला.

"काय म्हनतोय?" आत्यांनी विचारलं.

"मला गडी समजला होता. मी सांगितलं बाई आहे. त्यांच्यात बाईला तरुण पोरगी म्हणत्यात. नव्वदीची असली तरी."

"मंग मी बी तरुनच का?"

"व्हय."

"त्येला सांग म्हनावं, दोघी हावोत."

ते मी पाठवलं. खरंच पाठवलं. आणि निरोप घेऊन हात बाजूला केला, तो कानात एकदम तीन-चार शिट्ट्या उठल्या. ज्वारीवर चिमण्यांचा थवा पडावा तशा. सगळे माझंच चिन्ह हाकारत होते. ऐकत बसलेले लोक होते सगळे, बाई आहे, पाच वॅटवर आहे कळल्यावर उठले. जन्मभर पाखरं हाकलली, बोलावली कधी नव्हती. मी हसायला लागले आणि हसताना अक्षरं चुकायला लागली. एकाला घेतलं, तो हैदराबादचा. दुसरी एक बाई होती, बंगळूरची, तिनं मला ताई अशी अक्षरं जोडून पाठवली.

तिसरी शिट्टी ठणठणीत होती, अगदी जवळची. तो हात मी ओळखला. त्याचा दा जरा लांबतो, दमेकऱ्यानं श्वास घेतल्यासारखा. काका कळंबला बसून सकाळपासून ऐकत होते. आता ते अनोळखी माणसासारखे रांगेत उभे राहून मला हाक मारत होते.

"पंगत बसली," आत्या म्हणाल्या. "कोन का आसंना, त्येला म्हनावं थांब. येळवशीला अन्न थांबवू न्हाय."

दी-दा-दी-दी-दी. थांबा. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला थांबा म्हणाले आणि ते काकांना. दोन घास भज्जी-भाकरी खाल्ली, वाटीभर आंबील उभ्यानं प्याले आणि पळत परत आले. काका तिथंच होते. त्यांनी सगळं नियमानं केलं. माझं चिन्ह, त्यांचं चिन्ह, आवाज कसा येतो त्याचे आकडे. मीही नियमानं दिले. मग इंग्रजी अक्षरांत त्यांनी दोन मराठी शब्द जोडले. सेट ठेव.

मी प्रश्नचिन्ह पाठवलं, म्हणजे ऐकू आलं नाही, परत सांगा. त्यांनी परत पाठवलं, सावकाश. सेट ठेव. मी आणखी एक प्रश्नचिन्ह पाठवलं. तिसऱ्यांदा पाठवताना काकांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी प्रत्येक अक्षरानंतर थोडं थांबून, अगदी चवीनं पाठवलं, आणि मी चिंचेखाली डोळे मिटून ते पूर्ण ऐकलं.