फरशी संपली की

चुडाव्याच्या फलाटावर मी पहिल्यांदा शिट्टी फुंकली ती एका पोरीला पळवायला. पळाले ते पॅसेंजरचे उतारू. गाडी सुटली समजून चहा टाकून सगळे डब्यांत घुसले. गार्डानं माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आपणही चढावं आणि गाव सोडावं. नववीतली ती मात्र परकर खोचून जागेवरच उभी.

“सर, आता पळू का?”

मी इतिहासाचा मास्तर. खेळाचे मास्तर बदलून गेले आणि शिट्टी माझ्या गळ्यात पडली. आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात पाय रुततो, उन्हाळ्यात भेगांत अडकतो. म्हणून फलाट. पण फरशी शर्यतीपेक्षा आखूड, पुढे नुसती खडी, आणि पोरगी अनवाणी. फरशी संपली की ती थांबायची. रोज.

एका इवल्याशा बेटावरच्या धावपटूची बातमी मी तिला वाचून दाखवली.

“बेटावर जागा पुरती का, सर? जोरात पळला तर समुद्रात पडंल की!”

त्या पावसाळ्यात तो ऑलिंपिकमध्ये पहिला आला. शाळेत गूळ हिनं वाटला, जणू मावसभाऊच जिंकला. “एवढ्याशा जागेतून त्यो गेला, मग मी बी जाईन.”

तिच्या वडलांनी मला बजावलं होतं, “मास्तर, परभणीत पयली आली तर पुढं धाडतो. न्हाई तर लगीन.”

परभणीच्या मैदानावर ती सुटली तेव्हा बाकीच्या पोरींना तिची पाठच दिसत होती. मी टोपी उडवली. ती खाली यायच्या आत हिचे पाय आवरले. कुणी थांब म्हटलं नव्हतं. फलाटावर आवरायचे, तसेच आवरले. तिघी बाजूनं निघून गेल्या.

“सर,” ती धापा टाकत म्हणाली, “फरशी संपली वाटलं.”

घंटा झाली तरी वर्गात माझं तोंड मिटत नाही. तेव्हा एक शब्द फुटला नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं, तेवढंच.

उन्हाळ्यात तिला सोनपेठला दिली.

पुढे एका बाजारच्या दिवशी मी नि बायको सोनपेठहून निघालो होतो. एसटी हलली आणि मागून ती पळत आली. कडेवर लेकरू, तरी पाय तेच. कंडक्टरनं दारातून हात पुढे केला. हातभर अंतर उरलं, आणि तिचे पाय आवरले. खिडकीत मला पाहून हसली. लेकराचा हात धरून हलवला. मीही हलवला.

परभणी आली, बायकोनं बाजाराची पिशवी उचलली. उतरताना म्हणाली, “अहो, हात काय हलवत बसलात? ‘फरशी अजून हाय गं, पळ’ म्हणायचं होतं.”