मुख्य कारण : लाकूड

“सात कारणं? एकच लिहा हो. पोर्टलवर जागा एकाचीच आहे,” साहेब फोनवर वैतागले.

मी भूम तालुक्यातल्या एका गावात, हौसाबाईंच्या बंद खवाभट्टीच्या ओट्यावर वही घेऊन बसलो होतो. गावातले छोटे धंदे का बसतात याची पाहणी करून अहवाल द्यायचा, ही माझी नोकरी.

या भागातली रीत अशी. भट्टी एकाची, दूध गावाचं. मालकीण लाकूड आणि कढई देते. ज्यानं त्यानं आपलं दूध आणून पाळीनं स्वतः आटवायचं आणि खव्यातला वाटा मालकिणीला द्यायचा. थंड भट्टी तापवायलाच बरंच लाकूड जातं. म्हणून पाळ्या एकामागोमाग एक लागाव्या लागतात. चार घरं गळाली की उरलेल्यांनाही परवडत नाही.

हौसाबाई एकट्या. मुलगा-सून पुण्याला. “सून म्हणती, चला तिकडंच. भट्टी पेटली तर म्या कशाला जाते, सायेब?” त्या म्हणाल्या. त्यांना गाव सोडायचं नव्हतं, एवढं साधं होतं ते.

घरं का गळाली, हे शेजारच्या भानुदासला विचारलं. त्यानं म्हशी विकल्या होत्या.

“कडबा न्हाय मिळत.”

“का?”

“ज्वारी कोण पेरतंय आता? समदं सोयाबीन.”

“ज्वारी का सोडली?”

“काढायला माणूस कुठंय? पोरं पुण्याला गेली.”

“ती का गेली?”

“इथं ऱ्हाऊन काय करत्याल? भट्टी बी बंद!” भानुदास माझ्याकडं असा बघत होता, की जणू एवढं शिकून मला हे कळू नये.

मी वहीत बाण काढत होतो. शेवटचा बाण फिरून पहिल्या ओळीवर आला. कुठून धरावं तेच कळेना.

मग मी सरकारी माणूस करतो तेच केलं. आमच्याकडं गॅसभट्टीची योजना होती. कडब्याची नव्हती. औषध बघून आजार ठरवावा तसं मी लिहिलं, ‘मुख्य कारण : लाकूड.’ साहेब खूश झाले.

प्रस्ताव मंजूर व्हायला वेळ लागला. पण भट्टी आली. हौसाबाईंनी नारळ फोडला, सुनेला फोन करून “येत न्हाय म्या” असं ठणकावून सांगितलं. मलाही लई बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सहा घरांचं दूध आलं आणि आटवलेला खवा पिवळट, चिकट निघाला. भरलाही कमी. व्यापाऱ्यानं बोटावर घेतला आणि पाटी मागं सरकवली. “गाईचाय. पेढ्याला चालत न्हाय.”

भट्टी बंद होती त्या काळात गावात डेअरीची गाडी यायला लागली होती. गाडीला रोज भरपूर दूध हवं, म्हणून लोकांनी उरल्यासुरल्या म्हशी काढून संकरित गाई घेतल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण खवा होतो तो म्हशीच्या दाट दुधाचा. आठवड्याभरात सहाची दोन घरं झाली, मग तीही थांबली.

“परत म्हशी घ्या की,” मी भानुदासला म्हटलं.

“कडबा?” त्यानं एवढंच विचारलं.

मी नवा प्रस्ताव केला. चारा, म्हशी, भट्टी सगळं एकदम. साहेबांनी पहिलंच पान वाचलं. “चारा शेतीवाल्यांकडं, म्हशी जनावरांच्या खात्याकडं. आपल्याकडं फक्त भट्टी. आणि ती दिलीय की.”

“बंद आहे साहेब ती.”

“बसवली ना? गाव लाभार्थ्यांत गेलं. आता दुसऱ्यांदा नाव घेता येत नाही.”

हे सांगायला मी गेलो तेव्हा हौसाबाई बोचकं बांधत होत्या. मी माफी मागितली. त्यांनी आधी चहा ठेवला. “तुमी वाईट न्हाय केलं. पर एकेक करून समदंच गेलं हुतं, सायेब. तुमी त्यातलं एकच आणलं,” त्या म्हणाल्या. संध्याकाळच्या एसटीनं त्या पुण्याला गेल्या. मी पिशवी वर चढवून दिली.

न सुटलेल्या प्रश्नाला निदान कुणी पुन्हा हात घालतो. सुटला म्हणून नोंदलेल्या प्रश्नाकडं कुणी फिरकत नाही. माझ्या निरोपसमारंभात साहेबांनी माझी यशस्वी कामं वाचून दाखवली. त्यात ते गाव दुसऱ्या क्रमांकावर होतं. टाळ्या झाल्या. मी हार घालून घेतला.