पुतळ्याची बायको

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी एका दुपारी विधवा झाले. नवरा रबराचा होता.

आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात डॉक्टरकीची आणि नर्सिंगची मुलं एकत्र आणून खोट्या इमर्जन्सीचा सराव घेत. खाटेवर छातीत दुखून कोसळलेला पुतळा, भोवती पाच जणांची टीम. मॅडमनी मला पेशंटची बायको केलं आणि कानात सांगितलं, "त्यांना त्रास दे. भरपूर दे."

असा हुकूम आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होता. मी ओढणी डोक्यावर घेतली आणि अल्लीपूरच्या माझ्या मोठ्याईचा आवाज लावला. "अवो डॉक्टरसाहेब, हे बोलून काऊन नाई राह्यले? सकाळी तं दोन भाकरी खाल्ल्या यायनं!" टीमच्या म्होरक्याचा ॲप्रन धरला तो सोडलाच नाही.

तो मला समजावत बसला. दुसरा पाणी आणायला धावला. एकीने खुर्ची दिली, एक पाठ चोळू लागली. पाचवा बिचारा "ऑक्सिजन कोण लावतंय?" असं भिंतीला विचारत होता. मॉनिटरवरची रेघ सपाट झाली तेव्हा नवऱ्याजवळ कुणीच नव्हतं.

"छाती कोण दाबणार होतं?" मॅडमनी नंतर शांतपणे विचारलं. पाचांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. मला हसू आवरेना.

"फार हसू येतंय ना? पुढच्या फेरीत म्होरकी तू."

आणि बायको तो ॲप्रनवाला. त्याने माझीच ओढणी मागून घेतली, डोक्यावर ओढली आणि सरळ जमिनीवर लोळण घेतली. मी ओरडले, "अरे, कोणीतरी छाती दाबा!" कोणीच हललं नाही. तेव्हा माझं हसू पळालं. मग एकेकाकडे बोट दाखवत म्हणाले, "तू छाती दाब. तू ऑक्सिजन लाव. तू इंजेक्शन भर. आणि तू या बाईंना बाहेर ने, पण गोडीनं."

नवरा वाचला. बाहेर मात्र ॲप्रनवाल्याचं रडणं थांबेना. जाऊन पाहते तर ओपीडीच्या रांगेतली, आंजीहून आलेली एक आजी त्याला बाटलीतलं पाणी पाजत होती.

"पोरी, याचं कोणी गेलं का व?" तिने मला विचारलं.

"नाई जी, वाचले."

आजीने त्याच्या डोक्यावरच्या ओढणीकडे नीट पाहिलं.

"मंग हा काऊन रडून राह्यला?"